जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी एकदा पेनड्राइव्ह लावून बघा

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या कॉम्प्युटर प्रशिक्षक ताईंनी केलेलं हे भाषण. शेतीच्या कामामुळे ज्यांना सभेला येता आलं नाही, त्या ताईंच्या मागणीवरून ते इथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात कर्जाच्या अर्जापासून करते.

आपल्या समूहांत अंतर्गत कर्ज कशासाठी मागतात ते तुम्हाला पाठ आहे. बी-भरण, शेळ्या, शिलाई मशिन, खव्याची भट्टी, लेकराची फी. आता त्यात एक नवं कारण आलंय, नवीन कॉम्प्युटर. जुना कुठे गेला म्हणून विचारलं की उत्तर मिळतं, “हाय की घरात, पण दुकानदार म्हणला विंडोज दहा बंद झालं, आता ह्याचा काही उपयोग नाही.”

हे ऐकलं की मी लगेच हिशोब मांडते. नवा कॉम्प्युटर तीस हजारांचा धरा. समूहाचा दर शेकडा एक रुपया धरला तरी पहिल्याच महिन्याचं व्याज तीनशे रुपये. आणि घरातला जुना कॉम्प्युटर? तो कोपऱ्यात, वर टॉवेल टाकून. मुद्दलही जातं, व्याजही जातं आणि चालू वस्तू भंगारात जाते. म्हणून आज हा विषय घेतलाय.

दुकानदाराचं किती खरं?

अर्धं खरं आहे. विंडोज 10 बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 ला त्याची नेहमीची देखभाल थांबवली. नाव नोंदवलं तर वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण ती तेवढ्यापुरतीच. देखभाल थांबली म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असं होत नाही. तो चालतो. पण चोर शिरायच्या नव्या वाटा सापडत राहतात आणि त्या बुजवायला कोणी येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करायचं, आधारचे कागद ठेवायचे, तो असा उघडा ठेवणं बरं नाही.

मग विंडोज 11 टाकू म्हटलं तर त्याच्या अटी आहेत. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो. साधारण 2018 च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर त्या यादीत बसत नाहीत. मशिन धडधाकट असली तरी यादीत नाव नाही म्हणून बाहेर. रेशनकार्डाच्या यादीत नाव नसलं की काय होतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

काही जण मग कुठून तरी फुकटचं, कुलूप तोडलेलं विंडोज टाकून देतात. ते घेऊ नका. एक तर ती चोरी आहे. दुसरं म्हणजे कुलूप तोडणाऱ्याने आत काय ठेवून दिलंय ते आपल्याला दिसत नाही. समूहाचे हिशोब असल्या मशिनवर नकोत.

तिसरा रस्ता आहे. कायदेशीर आहे, पैसे लागत नाहीत आणि तो आपल्यालाच करता येतो. त्याचं नाव लिनक्स.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे समूहाची सचिव

समूहात दहा-बारा जणी असतात. पण बैठक बोलावणारी, रजिस्टर लिहिणारी, कोणाचा नंबर कधी हे बघणारी सचिव नसेल तर गोंधळ होतो. कॉम्प्युटरमध्येही तसंच. कीबोर्ड, माउस, पडदा, प्रिंटर, मेमरी, हे झाले सभासद. त्यांच्याकडून काम करून घेणारी सचिव म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक सचिव, लिनक्स ही दुसरी. सचिव बदलली म्हणून समूह बदलत नाही. मशिन तीच राहते.

लिनक्स नवखं वाटलं तरी ते तुमच्या पर्समध्येच आहे. अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सचाच. 1991 मध्ये फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने तो गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्याही आधी, 1983 मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सॉफ्टवेअर सगळ्यांना वापरता, वाचता, बदलता आणि वाटता आलं पाहिजे, म्हणून काम सुरू केलं होतं. पुढे जगभरच्या लोकांनी दोन्ही कामं मिळून वाढवली.

‘ओपन सोर्स’ हा शब्द अवघड वाटतो, पण आपल्या सोयाबीनवरून लगेच कळतो. सोयाबीनचं घरचं बियाणं आपण राखून ठेवतो. दरवर्षी नवी पिशवी घ्यायची सक्ती नाही. स्वतः पेरा, शेजारणीला द्या, त्यातलं चांगलं निवडून पुढच्या वर्षाला ठेवा. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे असं घरचं बियाणं. लिनक्सच्या गाभ्याच्या परवान्यात तर एक अटही लिहिली आहे. तुम्ही त्यात सुधारणा करून पुढे दिलंत, तर घेणाऱ्यालाही तीच मोकळीक द्यायची. मधेच कोणी कुंपण घालायचं नाही.

लिनक्सच्या पुष्कळ जाती आहेत. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचं लिनक्स 2007 मध्ये आणलं. नवशिकीला मी ‘लिनक्स मिंट’ सांगते. 2006 पासून ते चालू आहे आणि त्याचा चेहरा विंडोजसारखा आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय त्यांना अर्ध्या तासात हात बसतो. त्याच्या 22 क्रमांकाच्या मालिकेची देखभाल 2029 पर्यंत मिळणार आहे.

त्याला 2 जीबी रॅम किमान लागते, 4 असली तर बरं. हार्डडिस्कवर 20 जीबी जागा किमान, 100 असली तर सुटसुटीत. रॅम कमी असेल तर मिंटचा ‘एक्सएफसीई’ हा हलका प्रकार घ्या. फारच जुने, 32 बिटचे कॉम्प्युटर मात्र यावर चालत नाहीत.

आधी उगवण बघा, मग पेरा

आता मुख्य गोष्ट. पेरणीआधी आपण उगवण बघतो का नाही? पोत्यातले शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि चार-पाच दिवसांनी मोड मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर पेरायला हरकत नाही. रानात टाकल्यावर रडण्यापेक्षा घरात मोजलेलं बरं.

लिनक्सची सगळ्यात चांगली सोय हीच आहे. ते बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. हार्डडिस्कला हात लागत नाही, जुनं विंडोज जिथल्या तिथे राहतं. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, मशिन परत चालू करा, सगळं होतं तसं.

काम कसं करायचं ते क्रमाने सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिली पायरी, राखण. कॉम्प्युटरमधलं जे जे हवं ते बाहेर काढून घ्या. समूहाची जमाखर्चाची फाइल, ठरावांच्या प्रती, पासबुकचे स्कॅन, उद्यमचं प्रमाणपत्र, खाद्य परवाना, लेकरांचे फोटो. एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर आणि दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर. दोन ठिकाणी ठेवा आणि उघडून बघा की फाइल खरंच उघडते. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. हार्डडिस्क पुसली की ‘अगं, ते राहिलं’ म्हणून उपयोग नसतो.

दुसरी पायरी, पेनड्राइव्ह. 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. त्यात आधी जे असेल ते पुसलं जातं, म्हणून फोटोंचा पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नका. मिंटची फाइल त्यांच्याच संकेतस्थळावरून, लिनक्समिंट डॉट कॉमवरून घ्यायची. ती सुमारे 3 जीबीची असते. तुमच्या मोबाइलच्या दिवसाच्या पॅकमध्ये ती बसत नाही, म्हणून आपल्या केंद्रात ती एकदाच उतरवून ठेवली आहे. तिथून न्या. ही फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही. ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ नावाचं छोटं मोफत साधन आहे. त्यात फाइल दाखवायची, पेनड्राइव्ह दाखवायचा आणि बटण दाबायचं. थोड्या वेळात पेनड्राइव्ह तयार होतो.

तिसरी पायरी, उगवण. कॉम्प्युटर बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच वरच्या ओळीतलं एक बटण दाबत राहा. पुष्कळ कंपन्यांमध्ये ते एफ-12 असतं, काहींत एफ-9 किंवा एस्केप. पडद्यावर एक यादी येते, त्यात पेनड्राइव्हचं नाव निवडा. दोन-चार मिनिटांत मिंटचा पडदा समोर येतो. पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळे ते थोडं संथ वाटेल, त्याची काळजी करू नका.

आता दाणे मोजा. वायफाय लागतंय का? आवाज येतोय का? कीबोर्डची सगळी बटणं चालतात का? प्रिंटरवर एक पान निघतंय का? कॅमेरा चालतो का? व्हिडिओ अडखळत नाही ना? तुमचं समूहाचं रजिस्टर जोडलेल्या पेनड्राइव्हवरून उघडून बघा. एक-दोन दिवस असंच वापरा. घाई काहीच नाही.

चौथी पायरी, बसवणं. सगळं पटलं तरच. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं चिन्ह असतं. ते उघडलं की भाषा विचारतं, यादीत मराठी आहे. पुढे कीबोर्ड विचारतं. मग येतो तो एकच महत्त्वाचा प्रश्न. विंडोजच्या शेजारी बसवू, का सगळी डिस्क पुसून बसवू? शेजारी बसवलं तर दोन्ही राहतात आणि चालू करताना कोणतं हवं ते निवडता येतं. ज्यांचं एखादं काम विंडोजवरच होतं, त्यांनी हा पर्याय घ्यावा. ‘पुसून’ हा पर्याय निवडण्याआधी हात थांबवा आणि पहिली पायरी झाली का ते परत आठवा. काही लॅपटॉपची डिस्क विंडोजने ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेली असते. तशी असेल तर तिची किल्ली आधी लिहून घ्या, नाहीतर केंद्रात घेऊन या.

पुढे ठिकाण कोलकाता येतं, म्हणजे भारताची वेळ. मग नाव आणि पासवर्ड. साधारण अर्ध्या तासाचं काम आहे. त्या अर्ध्या तासात लाईट जाता कामा नये. आपल्याकडचं भारनियमन बघून वेळ ठरवा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या, टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या. शेवटी पेनड्राइव्ह काढून मशिन परत चालू करायची.

पाचवी पायरी, बसवल्यानंतर. अपडेट मॅनेजर उघडून अपडेट करून घ्या. ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय चालू करा. सिस्टीम बिघडली तर ती चांगल्या दिवसावर परत नेता येते. ती तुमच्या फाइली राखत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवायचीच. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. आणि घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं करा. लेकरांचे गेम त्यांच्या खात्यात, समूहाचा हिशोब तुमच्या खात्यात. पासवर्ड तुम्हीच ठरवा आणि तुम्हालाच पाठ असू द्या. समूहाच्या पेटीची चावी आपण कोणाच्याही हातात देत नाही, तसंच हे.

काय चालतं, काय अडतं

मिंटसोबत लिबरऑफिस येतं. त्यातलं कॅल्क म्हणजे एक्सेलसारखं, रायटर म्हणजे वर्डसारखं. तुमच्या जुन्या एक्सेल आणि वर्डच्या फाइली त्यात उघडतात. एखादा तक्ता थोडा सरकतो, म्हणून बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा. फायरफॉक्सवरून बँक, उद्यम नोंदणी, आपले सरकार, मेल, व्हॉट्सअप सगळं उघडतं. लोकओएस आपण मोबाइलवर वापरतो, त्याला काहीच फरक पडत नाही.

अडतं तेही सांगते, नाहीतर उद्या मला बोल लावाल. टॅली विंडोजसाठी बनलंय. ज्यांचं काम त्याच्यावर आहे त्यांनी विंडोज काढू नये. अंगठ्याची मशिन आणि डिजिटल सहीची चावी यांचं सॉफ्टवेअर बरेचदा विंडोज धरूनच केलेलं असतं. बीसी सखी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्या तायांनी आधी चौकशी करावी, मग हात लावावा. काही जुने लेझर प्रिंटर त्रास देतात. म्हणून तर उगवण बघायची.

एक जास्त महत्त्वाची अडचण आहे, मराठी फॉन्टची. आपल्या पुष्कळ जुन्या फाइली श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. हे लिनक्समुळे होत नाही. दुसऱ्या कोणाच्या विंडोजवरही असंच होतं. त्या फाइलींच्या आत मराठी अक्षर साठवलेलंच नाही, फॉन्टने फक्त तसं रूप दिलेलं आहे. इलाज एकच, युनिकोड. मोबाइलवर तुम्ही मराठी टाइप करता ते युनिकोडच असतं आणि ते कोणत्याही मशिनवर मराठीच दिसतं. म्हणून इथून पुढचे ठराव, याद्या, अहवाल युनिकोडमध्येच लिहा. जुन्या महत्त्वाच्या फाइलींचं आत्ताच पीडीएफ काढून ठेवा. दहा वर्षांपूर्वीचा ठराव वाचता आला नाही, तर तो लिहून काय उपयोग?

आपल्यानं होईल का?

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. शाळांना सोयीचं असं लिनक्स तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने स्वतःच तयार केलंय. लहान लेकरं ते चालवतात. ती काही जन्मतः इंजिनिअर नव्हती, त्यांना कोणीतरी शेजारी बसून शिकवलं, इतकंच.

आपल्याकडे मुंबईत पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे. लिनक्स, लिबरऑफिस अशा विषयांवर छोटे-छोटे व्हिडिओ, मराठीतसुद्धा, मोफत. ज्या तायांनी बाळाला अंगावर कसं पाजायचं, पोषण कसं राखायचं याचे व्हिडिओ बघितलेत, त्यातल्या काहींना हे नाव ओळखीचं वाटेल. आरोग्याचे ते धडे त्याच प्रकल्पाचे. व्हिडिओ थांबवायचा, शेजारी करून बघायचं, परत चालू करायचा. वर्गात हात वर करायची लाज वाटते, ती इथे नाही.

आणि खरं सांगू का, समूहाचं पहिलं रजिस्टर लिहिताना काय झालं होतं ते आठवा. जमा कुठे, नावे कुठे, हेच कळत नव्हतं. आज तुम्ही ऑडिटरला प्रश्न विचारता. यालाही तेवढीच चिकाटी लागते.

आता मागणं

या सभेपुढे मी तीन गोष्टी मांडते.

एक. मिंटचा तयार पेनड्राइव्ह प्रत्येक प्रभागात एक असावा. त्याच्या कितीही प्रती काढता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. कोणी सॉफ्टवेअरचे पैसे मागितले तर देऊ नका. बसवून देणाऱ्याने कष्टाची मजुरी घेतली तर ती रास्त आहे. आपल्यातल्या चार मुली हे शिकल्या तर ती मजुरी त्यांनाच मिळेल.

दोन. प्रत्येक समूहातून एक ताई किंवा तिची लेक या कामासाठी पुढे यावी. मशिन उचलून केंद्रात आणा, आपण मिळून करू. पहिली मशिन मी करून दाखवते, दुसरी तुम्ही करायची, मी फक्त शेजारी बसते.

तीन. कॉम्प्युटरसाठी कर्जाचा अर्ज आला तर बैठकीत एवढंच विचारा, “जुन्याला पेनड्राइव्ह लावून बघितला का?” बघितला आणि नाही चालला, तर कर्ज जरूर द्या. मशिन जळाली असेल, बोर्ड गेला असेल तर नवी घ्यावीच लागते. फक्त हार्डडिस्क संथ झाली असेल तर एसएसडी नावाची नवी डिस्क बसवता येते, ती नव्या कॉम्प्युटरच्या मानाने थोडक्या पैशांत होते. पण न बघता घेतलेलं कर्ज समूहाने मंजूर करू नये, असं मला वाटतं. तीस हजारांत शेळ्या येतात, शिलाई मशिन येते, लेकीची वर्षाची फी निघते.

तायांनो, आपली पंचसूत्री आपण घोकून घोकून अंगी बाणवली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. शेवटचं सूत्र हिशोबाचं आहे, आणि आता तो हिशोब कॉम्प्युटरमध्ये राहतो. तो कॉम्प्युटर आपल्याला समजला पाहिजे, दुरुस्त करता आला पाहिजे आणि त्याची चावी आपल्याकडे पाहिजे.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. कोणाकडे टॉवेलाखाली झाकलेला कॉम्प्युटर आहे त्याची यादी करा आणि केंद्रात पाठवा. मी वाट बघते.